सायप्रसच्या लाकडाचं तेल: बाटलीत नक्की काय आहे ते कसं शोधायचं

माझी एक मैत्रीण घरी साबण बनवते, तिने मागे ऑनलाईन "सायप्रस वुड ऑईल" म्हणून एक बाटली मागवली आणि मला वास घ्यायला दिली. झाकण उघडलं आणि थेट टर्पेन्टाईन नाकात शिरलं, घरात ऑईलपेंटचं काम चालू असताना येतो तसा वास. मी म्हटलं बाई हे लाकडाचं नाही, पानांचं आहे. तर म्हणे लेबलवर वुड लिहिलंय की. मग विक्रेत्याकडून जीसी-एमएस रिपोर्ट (जीसी तेलातले रेणू वेगळे करते, एमएस त्यांची ओळख पटवते) मागवून घेतला, तो बिचाऱ्याने लगेच पाठवलाही, आणि त्यात पहिल्याच दोन ओळींत सगळं होतं: अल्फा-पायनीन निम्म्याच्या वर आणि डेल्टा-३-कॅरीन वीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पानांतले हलके रेणू. रिपोर्ट एकदम खरा होता, खोटं होतं ते लेबल. आणि गंमत म्हणजे तो रिपोर्ट विकणाऱ्यानेही कधी वाचला नव्हता, नाहीतर पाठवला नसता.

म्हणून हे लिहितोय. ज्यांना असे रिपोर्ट नुसते वाचायचेत त्यांच्यासाठी आणि ज्यांना एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी स्वतः लाकूड आणून तेल काढून ॲनालिसिस करायचंय त्यांच्यासाठीही. दुसऱ्या गटातल्यांनी मधला भाग नीट वाचा, तिथेच सगळे आपटतात, मीही आपटलोय.

सगळ्यात आधी नावाचा गुंता सोडवा, कारण केमिस्ट्रीच्या निम्म्या चुका इथेच होतात. आपल्याकडे सायप्रसला सुरू म्हणतात, फारसी सर्व वरून आलेला शब्द. पण काशीद, दापोली, गुहागर इकडे समुद्रकिनाऱ्यावर जी सुरूची बनं आहेत ती सायप्रस नाहीतच, ते कॅसुरिना, चक्क सपुष्प वनस्पती, त्याच्या त्या सुयाही सुया नसून सांधे सांधे असलेल्या बारीक डहाळ्या असतात. त्यामुळे कोकणातून सुरूचा भुसा आणून त्यात सीड्रॉल (सायप्रस कुळातल्या लाकडातला एक जड अल्कोहोल) शोधत बसू नका. (हसू नका, एका ज्युनियरने खरंच आणला होता, पोतंभर.) हिमालयात उत्तराखंडकडे जो सुराई म्हणतात तो मात्र खरा सायप्रस, क्युप्रेसस टोरुलोसा.

दुसरा गुंता देवदारचा. आपल्या बाजारात "सीडरवुड ऑईल" म्हटलं की बहुतेक वेळा हिमालयातल्या देवदारचं तेल मिळतं आणि देवदार हा पाईनच्या कुळातला आहे, सायप्रसच्या नाही. त्याच्या तेलात हिमाचलीन आणि ॲटलांटोन असतात. हिमाचलीनची रचना १९६० च्या दशकात आपल्या पुण्यातच, एनसीएलमध्ये (नॅशनल केमिकल लॅबोरेटरी) रसायनशास्त्रज्ञ सुख देव यांच्या गटाने उलगडली, नाव अर्थातच हिमाचलवरून. तेव्हा रिपोर्टमध्ये अल्फा, बीटा, गॅमा अशी हिमाचलीनची तिन्ही भावंडं दिसली की समजायचं हा देवदार आहे, तेल वाईट नाही पण सायप्रस नाही. उलट अमेरिकेतलं ज्याला व्हर्जिनिया सीडर म्हणतात ते ज्युनिपेरस व्हर्जिनियाना, म्हणजे नावाने सीडर पण कुळाने सायप्रसवाला. बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी होती का? १०० एक्स ऑब्जेक्टिव्हखाली स्लाईडवर जो तेलाचा थेंब टाकायचो, सीडरवुड ऑईल, ते मुळात हेच, कारण घट्ट केल्यावर त्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (प्रकाश किती वाकतो तो आकडा) १.५१५ च्या आसपास म्हणजे काचेइतका येतो. म्हणजे सायप्रस कुळातल्या लाकडाचा वास आपण बऱ्याच जणांनी कॉलेजातच घेतलेला आहे, फक्त माहीत नसतं.

आता मुद्दा, लाकूड आणि पान यांत फरक का पडतो. पानात आणि कोवळ्या फांद्यांत झाड मुख्यतः लहान रेणू साठवतं, १० कार्बनवाले मोनोटर्पीन, मॉलिक्युलर वेट १३६, पायनीन, कॅरीन, लिमोनीन, मर्सीन ही सगळी त्यातली. हलकी असतात, भुर्रकन उडतात. खोडाच्या मधला जो गडद गाभा असतो तिथल्या पेशी मेलेल्या असतात, तिथे झाड बुरशी आणि वाळवीला आवरायला जड माल भरून ठेवतं, १५ कार्बनवाले सेस्क्विटर्पीन (वेट २०४) आणि त्यांचे अल्कोहोल (२२२). हे उडत नाहीत पटकन म्हणून तर जुनी लाकडी पेटी पन्नास वर्षांनी उघडली तरी वास देते. बाहेरचं कच्चं पांढरं लाकूड असतं त्यात यातलं फारसं काही नसतं.

यावरून एक साधा नियम निघतो, रिपोर्ट हातात आला की पहिलं पान बघू नका, शेवटचं बघा. जीसीतून हलके रेणू आधी बाहेर पडतात आणि जड नंतर, म्हणजे लाकडाचा पुरावा कायम रिपोर्टच्या उत्तरार्धात असतो. क्युप्रेसस सेम्परव्हिरन्स, म्हणजे भूमध्य समुद्राकडचा तो मेणबत्तीसारखा उंच सायप्रस, त्याच्या पानांच्या तेलात अल्फा-पायनीन साधारण ४० ते ६५ टक्के, डेल्टा-३-कॅरीन १२ ते २५, मग लिमोनीन, टर्पिनोलीन, अल्फा-टर्पिनिल ॲसिटेट वगैरे, आणि शेपटाला थोडासा सीड्रॉल. अरोमाथेरपीवाले जे "सायप्रस" विकतात ते जवळजवळ नेहमी हेच. मैत्रिणीची बाटलीही हीच.

पण नुसतं "पायनीन दिसलं की पान" असंही करू नका. जपानचा हिनोकी, कॅमिसायपॅरिस ऑब्टुसा, त्याच्या लाकडाच्या तेलातही पायनीन बक्कळ असू शकतं, विशेषतः लाकूड ताजं असेल तर. फरक असा की तिथे पायनीनच्या मागून डेल्टा-कॅडिनीन, गॅमा-कॅडिनीन, टाऊ-म्युरोलॉल, टाऊ-कॅडिनॉल, अल्फा-कॅडिनॉल अशी कॅडिनेनांची (एकाच सांगाड्याच्या सेस्क्विटर्पीनांची) आख्खी वरात येते. पानांचं असेल तर ही वरात नसते, त्याजागी सॅबिनीन, बॉर्निल ॲसिटेट, टर्पिनिल ॲसिटेट, एलेमॉल अशी मंडळी दिसतात. हिनोकीचं हे लाकूड म्हणजे जपान्यांचा जीव, होर्यु-जी देऊळ याचंच, इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात (मागचं २०१३ ला) ते पण हिनोकीचं. बुरशी आणि वाळवी रोखण्यात या कॅडिनॉल-म्युरोलॉल लोकांचा मोठा हात आहे.

चीनचा क्युप्रेसस फ्युनेब्रिस घेतला तर चित्र वेगळं, त्याचं तेल जगभर "चायनीज सीडरवुड" नावाने विकतात (परत तेच, नाव सीडर, झाड सायप्रस) आणि त्यात सीड्रॉल, अल्फा-सीड्रीन आणि थुजोप्सीन या तिघांचं राज्य. व्हर्जिनियावाल्याचं पण हेच त्रिकूट, सोबत विड्रॉल आणि क्युपरीन थोडं थोडं. परफ्युमच्या धंद्यात हे तेल टनावारी जातं कारण सीड्रॉलपासून सीड्रिल ॲसिटेट आणि सीड्रीनपासून ॲसिटिल सीड्रीन बनवतात, तुमच्या बहुतेक "वुडी" डिओमध्ये यांपैकी काहीतरी असतंच.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कॅलिट्रिस इंट्राट्रॉपिका, ब्लू सायप्रस म्हणतात, त्याचं तेल खरंच निळं असतं, शाईसारखं. लाकूड काही निळं नसतं हं. लाकडात ग्वायॉल आणि बुल्नेसॉल जातीचे अल्कोहोल असतात आणि डिस्टिलेशनच्या उष्णतेत त्या सांगाड्यातून हायड्रोजन निघून ग्वायाझुलीन तयार होतं, तोच तो निळा रंग. वेट १९८. आणि अलास्काचा कॅलिट्रोप्सिस नूटकाटेन्सिस, यलो सीडर म्हणतात त्याला, त्याच्या गाभ्यात नूटकाटोन सापडतं, ज्याचा वास ग्रेपफ्रूटसारखा, आणि सापडलं ते आधी या लाकडातच, १९६२ ला, पपनसाच्या त्या विलायती भावंडात नंतर. हे डास-गोचिडांना पळवतं म्हणून अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्था) २०२० मध्ये त्याला कीटकनाशकात वापरायला नोंदणी दिली.

म्हणजे "सायप्रस वुड" या दोन शब्दांत किमान चार पूर्ण वेगळी तेलं लपलेली आहेत. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, लॅटिन नाव काय आणि झाडाचा कुठला भाग. उत्तर आलं नाही तर पुढे जाऊच नका.

बरं, आता स्वतः करायचं असेल तर. लाकूड आणताना वखारीतून मिक्स भुसा आणू नका, त्यात साग, पाईन काय वाट्टेल ते मिसळलेलं असतं. ओंडक्याचा एक तुकडा आणा, गाभा आणि पांढरं लाकूड वेगळं करा, आणि वनस्पतिशास्त्राच्या डिपार्टमेंटकडून झाडाची ओळख करून घ्या, हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) नमुना द्या, नाहीतर पुढे परीक्षक पहिला हाच प्रश्न विचारतो. भुसा करताना मिक्सर फिरवत सुटू नका, तो तापतो आणि पायनीन तिथेच उडून जातं, किचनभर छान वास येतो तेव्हा समजा तुमचं सॅम्पल हवेत चाललंय. थांबत थांबत फिरवा. लगेच करायचं नसेल तर झिपलॉकमध्ये घालून फ्रीजमध्ये. थोडा भुसा बाजूला काढून १०५ अंशाला वाळवून ओलावा मोजून ठेवा म्हणजे उतारा (किती लाकडातून किती तेल निघालं) वाळलेल्या लाकडावर सांगता येतो, नाहीतर ओल्या लाकडावरचा आकडा आणि वाळलेल्यावरचा आकडा यांची तुलनाच होत नाही.

डिस्टिलेशनला क्लेव्हेंजर ॲपरेटस (पाण्यात उकळून वाफेबरोबर आलेलं तेल मोजनळीत गोळा करणारं काचेचं उपकरण), बहुतेक फार्मसी कॉलेजात असतोच. १०० ग्रॅम भुसा, १ लिटर पाणी, २ लिटरचा फ्लास्क, कारण फेस येतो. आता खरी गोष्ट ऐका: वेळ. पुदिना, गवती चहा यांना दोन-तीन तास पुरतात म्हणून लोक लाकडालाही तीनच तास देतात आणि बंद करतात. लाकडातले जड रेणू वाफेबरोबर फार हळू येतात, पहिल्या अर्ध्या तासात जे येतं ते मुख्यतः मोनोटर्पीन, मग तीन तासांवर बंद केलं की तुमचं तेल कृत्रिमरीत्या "पानासारखं" दिसतं. किमान ६ ते ८ तास द्या, दर तासाला तेलाची पातळी लिहून ठेवा आणि सलग दोन तास वाढली नाही तरच बंद करा. मी तर म्हणेन पहिल्या तासाचं आणि उरलेलं वेगवेगळं गोळा करा आणि दोन्ही जीसीवर टाका, एवढ्याने जे समजतं ते पुस्तकात वाचून नाही समजत. उतारा गाभ्याच्या लाकडाला साधारण शेकडा १ ते ३ च्या आसपास आला तर चांगला समजा, म्हणजे १०० ग्रॅमला एक ते तीन मिली, त्यामुळे सांडू नका.

एक भानगड होते ती सांगून ठेवतो. सीड्रॉल ८६ अंशाला वितळतो, ग्वायॉल ९० च्या थोडा वर. म्हणजे खोलीच्या तापमानाला दोन्ही घट्ट. सीड्रॉल भरपूर असलेलं तेल असेल आणि तुम्ही कंडेन्सरला बर्फाचं पाणी लावलंत तर आतल्या नळीत पांढरे स्फटिक जमतात आणि नळी चोंदते, आणि खाली उकळतंय, म्हणजे धोकाच. पाण्याचा प्रवाह कमी करा, कंडेन्सर थोडा कोमट राहू दे, स्फटिक वितळून खाली येतात. पहिल्यांदा मला वाटलं काचेवर क्षार जमलाय, घासायलाच निघालो होतो. ते स्फटिक म्हणजेच तुमचा माल, ते टाकून दिले तर रिपोर्टमधला सीड्रॉल पडतो.

निळ्या सायप्रससारख्या तेलाची घनता पाण्याच्या जवळ असते त्यामुळे ते वर नीट तरंगत नाही, मधेच लोंबकळत राहतं. फार्माकोपियात यासाठी मोजून झायलीन टाकायची पद्धत आहे, पण मग जीसीत झायलीनचा मोठा पीक (आलेखातला डोंगर, एकेका पदार्थाचा) येणार हे लक्षात ठेवा, फक्त उतारा मोजायचा असेल तरच ती वापरा. आणि दुसरं, तासन्‌तास उकळताना लाकडातून आम्ल बाहेर पडतं, पाणी आंबट होतं, आणि आम्लात सीड्रॉलमधून पाणी निघून त्याचं सीड्रीन होतं. म्हणजे रिपोर्टमधलं सगळंच सीड्रीन झाडात होतं असं नाही, काही तुम्ही फ्लास्कमध्ये बनवलेलं असू शकतं. शंका असेल तर त्याच भुशाचा थोडा भाग हेक्झेनमध्ये थंडच भिजवून तो अर्क पण चालवा आणि दोन्हींत सीड्रॉल-सीड्रीनचं गुणोत्तर बघा. हे बहुतेक जण करत नाहीत, तुम्ही केलंत तर व्हायव्हात भाव खाल.

तेल गोळा झालं की ॲनहायड्रस सोडियम सल्फेट टाकून पाणी काढा, अंबर बाटलीत वरपर्यंत भरून फ्रीजमध्ये. जीसीसाठी हेक्झेनमध्ये १०० पट पातळ करा. बाहेरच्या लॅबला देत असाल तर त्यांना सांगा की लाकडाचं तेल आहे, रन पूर्ण होऊ द्या, कारण काही ठिकाणी वेळ वाचवायला ओव्हन भराभर तापवून वीस मिनिटांत संपवतात आणि मग सगळे सेस्क्विटर्पीन एकमेकांच्या अंगावर पडतात. ५ टक्के फिनाईलवाला ३० मीटरचा कॉलम (जीसीतली बारीक नळी, रेणू वेगळे होतात ती), ६० अंशापासून २४० पर्यंत मिनिटाला ३ अंशाने, हा या क्षेत्रातला रुळलेला प्रोग्रॅम आहे, एक तास लागतो, लागू दे.

आणि अल्केनची (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनची) मालिका चालवायला सांगा, सी-८ म्हणजे आठ कार्बनवाल्यापासून निदान सी-२० पर्यंत, त्याच दिवशी, त्याच प्रोग्रॅमवर. याशिवाय रिपोर्ट अर्धवट. का ते सांगतो. एमएस रेणू फोडून तुकड्यांची वजनं मोजते, त्या काठ्याकाठ्यांच्या चित्राला स्पेक्ट्रम म्हणतात आणि कॉम्प्युटर तो साठवलेल्या स्पेक्ट्रमच्या लायब्ररीशी ताडून बघतो. पण ही लायब्ररी सेस्क्विटर्पीनच्या बाबतीत छातीठोक थापा मारते. वेट २०४ चे शेकडो भाऊ आहेत, सगळ्यांचे तुकडे ९३, १०५, ११९, १६१ असेच पडतात, मग कॉम्प्युटर त्यातला एक उचलतो आणि पुढे "मॅच ९४ टक्के" लिहितो. त्याच्या पाठोपाठचा भाऊ ९३ टक्के होता हे तो सांगत नाही. म्हणून दुसरा पुरावा लागतो, रिटेन्शन इंडेक्स. कोव्हॅट्स या माणसाची १९५८ ची कल्पना, आजही तीच चालते: आपला पीक कुठल्या दोन अल्केनच्या मधे येतो ते बघायचं. समजा सी-१६ आला ३२.० मिनिटांना, सी-१७ आला ३५.५ ला आणि आपला पीक ३३.९ ला. मग ३३.९ वजा ३२.० म्हणजे १.९, भागिले ३.५, गुणिले १००, आले ५४, त्यात १६०० मिळवा, १६५४. आणि १६५४ ला या कॉलमवर कोण येतं, तर अल्फा-कॅडिनॉल. स्पेक्ट्रममध्येही ९५, १२१, १६१, २०४ दिसले की नक्की. दोन्ही जुळले तरच नाव लिहायचं. एवढं सोपं आहे, एक्सेलमध्ये एक फॉर्म्युला टाकून ठेवा.

पाठ करून ठेवायचे आकडे फार नाहीत: अल्फा-पायनीन ९३५ च्या आसपास, डेल्टा-३-कॅरीन १०१० च्या आसपास, अल्फा-सीड्रीन १४११, थुजोप्सीन १४३१, क्युपरीन १५०४, डेल्टा-कॅडिनीन १५२३, टाऊ-कॅडिनॉल आणि टाऊ-म्युरोलॉल १६४० आणि १६४२ (हे दोघं चिकटूनच येतात, वेगळे दिसले तर कॉलम चांगला), बुल्नेसॉल १६७१, नूटकाटोन १८०६. पाचेक युनिट इकडेतिकडे चालतं. पंधरा-वीस सरकला तर नाव चुकलंय.

आता सापळा. १६००. सीड्रॉल १६०० ला येतो. ग्वायॉलही १६०० ला येतो. विड्रॉल १५९९. तिघांचंही वेट २२२. म्हणजे चीनचा सायप्रस, ऑस्ट्रेलियाचा सायप्रस आणि आफ्रिकेतल्या विड्रिंगटोनिया झाडावरून नाव पडलेला विड्रॉल, तिघे एकाच दारात उभे, इंडेक्स काही सांगत नाही. इथे स्पेक्ट्रमच कामाला येतो: सीड्रॉलला सगळ्यात उंच काठी ९५ ची आणि सोबत १५० दणदणीत, ग्वायॉलला १६१ उंच, विड्रॉलला १५१. पीकच्या पुढच्या उतारावर आणि मागच्या उतारावर वेगवेगळे स्पेक्ट्रम काढून बघा, दोन्हीकडे तेच आलं तर एकच पदार्थ आहे, वेगळं आलं तर आत दोघं दडलेत, मग वॅक्स कॉलमवर (वेगळ्या अस्तराचा कॉलम) परत चालवा. आणि हो, अल्केनची मालिका सॅम्पलमध्येच मिसळून चालवायचा आळस करू नका, कारण सी-१६ ची जागा व्याख्येनेच १६०० आहे, तो नेमका सीड्रॉलच्या डोक्यावर जाऊन बसतो. माझा एक आख्खा दिवस यात गेलाय, सीड्रॉल एवढा कसा वाढला म्हणून खुश होतो. अजून एक, सीड्रॉल फार जास्त असेल तर पीक जाडजूड होऊन उशिराकडे झुकतो आणि इंडेक्स १६०५-१६१० दिसायला लागतो, घाबरू नका, अजून पातळ करून टाका.

टक्केवारीबद्दल थोडक्यात. रिपोर्टमधले टक्के म्हणजे पीकच्या क्षेत्रफळाचे टक्के, वजनाचे नाहीत. एमएस डिटेक्टरवरून काढलेले असतील तर अजूनच ढोबळ, एफआयडीवरून (ज्वालेत जाळून मोजणारा डिटेक्टर) काढलेले बरे. दशांशानंतर दोन आकडे बघून हुरळून जायचं कारण नाही. खाली "एकूण ओळखलेले" किती ते बघा, लाकडाच्या तेलात शंभर टक्के ओळखलेला रिपोर्ट आला तर मला उलट संशय येतो.

आणि जीसीला जे दिसतच नाही त्याचं काय? हिनोकिटिऑलचं उदाहरण घ्या. १९३६ ला तैवानमध्ये, तेव्हाच्या ताइहोकू इम्पिरियल युनिव्हर्सिटीत, तेत्सुओ नोझोए यांना तैवानी हिनोकीच्या तेलात हा पदार्थ सापडला, सात कार्बनचं कडं असलेला, म्हणजे बेंझीन नसूनही ॲरोमॅटिक, त्यावरून रसायनशास्त्राची एक नवी शाखाच सुरू झाली. सुरुवात कुठून झाली तर तेलातल्या एका गडद लाल पदार्थापासून, आणि तो निघाला याच रेणूचा लोखंडाबरोबरचा संयुग. म्हणजे लोखंडाच्या भांड्यात असं तेल काढलं तर ते लाल होतं, हे डिस्टिलेशन करणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवावं, काच किंवा चांगलं स्टीलच वापरावं. आता नाव हिनोकिटिऑल असलं तरी जपानी हिनोकीत तो नगण्य असतो, खरा साठा तैवानी हिनोकीत आणि हिबा नावाच्या झाडात, थुजोप्सिस डोलाब्राटा. त्यामुळे "जपानी हिनोकी तेल, भरपूर हिनोकिटिऑल" अशी जाहिरात दिसली तर पुढे स्क्रोल करा. आम्लधर्मी आणि धातूला चिकटणारा रेणू असल्याने साध्या जीसीत त्याचा पीक लांबट शेपटीचा येतो किंवा हरवतो, मोजायचाच असेल तर आधी सायलिलेशन (सिलिकॉनवाला गट जोडून रेणूचा चिकटपणा घालवणं) करून घ्यावं लागतं. लॅबला तसं स्पष्ट सांगा, नाहीतर "आढळला नाही" येईल आणि तुम्ही खरं मानाल.

भेसळीचंही तसंच. तेल वाढवायला डायइथाईल थॅलेट नावाचं कृत्रिम द्रव घातलं असेल तर रिपोर्टमध्ये १४९ ची एकुलती एक उंच काठी असलेला पीक दिसतो, झाडात तो नसतो. आयसोप्रोपाईल मिरिस्टेट, असंच एक भेसळीचं द्रव, तेही दिसतं. पण खाद्यतेल मिसळलं असेल तर ते जीसीच्या इंजेक्टरमधून पुढे सरकतच नाही, रिपोर्ट स्वच्छ येतो! त्याला उपाय घरगुती: कोऱ्या कागदावर एक थेंब टाका, आठवडाभर ठेवा. सायप्रसच्या लाकडाचं तेल जड असल्याने एका रात्रीत डाग जाणार नाही, घाई करू नका, पण तेलकट पारदर्शक चट्टा आठवडाभर तसाच राहिला तर घोळ आहे.

लॅब परवडत नसेल त्यांच्यासाठी अजून एक, वजन. दहा मिलीची सिरिंज आणि सोनाराकडे असतो तसला ०.०१ ग्रॅमचा काटा. पानांचं तेल १० मिली भरलं तर साधारण ८.७-८.८ ग्रॅम भरतं, चायनीज सीडरवुडसारखं सीड्रॉलवालं लाकडाचं तेल साडेनऊच्या आसपास. हिनोकी पायनीनमुळे मधेच कुठेतरी. रबरी दट्ट्याची सिरिंज असेल तर पटकन करा, तेल रबर फुगवतं. यावरून जात कळत नाही पण पान की लाकूड एवढं तरी पाच मिनिटांत कळतं, मैत्रिणीच्या बाटलीचं आम्ही हेच केलं होतं रिपोर्ट यायच्या आधी, ८.७ भरलं.

ती बाटली साबणात वापरू दिली नाही मी. अर्धी रिकामी होऊन महिनोन्‌महिने उन्हाच्या खिडकीत पडलेली, आणि कॅरीन-पायनीन हवेने ऑक्सिडाईझ होऊन जे हायड्रोपेरॉक्साईड बनतात ते त्वचेला ॲलर्जी आणतात, टर्पेन्टाईन हाताळणाऱ्या पेंटर लोकांना जो इसब व्हायचा तो याचमुळे. लाकडाचं तेल त्यामानाने टिकतं. मग तिचा नवरा म्हणाला टर्पेन्टाईनच आहे ना हे जवळजवळ, आणि गॅलरीच्या ग्रीलला ऑईलपेंट मारून झाल्यावर त्याने सगळे ब्रश त्यातच धुतले. चकाचक निघाले.